दोन छायाचित्रांमधली जागा

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात छायाचित्र बहुधा साक्षीदार म्हणून येते. ‘हे कोयना धरण’, ‘हे संयुक्त सूक्ष्मदर्शक’, ‘हा सूर्यफुलाचा फुलोरा’ अशी ओळ खाली छापलेली असते. मूल चित्र पाहते, ओळ वाचते आणि पान उलटते. चित्राला जे सांगायचे होते ते सांगून झालेले असते. मुलाला करण्यासारखे त्यात काही उरलेले नसते.

काही छायाचित्रे मात्र मुलाला पान उलटू देत नाहीत. एखाद्या वस्तूचा इतका जवळून घेतलेला तुकडा असतो की ती वस्तू कोणती ते चटकन कळत नाही. कधी पडणारा एकच चेंडू एकाच कागदावर दहा ठिकाणी दिसतो. कधी माणसाच्या तळहातावर किल्ला उभा असतो. अशा चित्रात काही तरी मुद्दाम गाळलेले असते: कधी आकाराचे प्रमाण, कधी अंतर, कधी दोन क्षणांमधला काळ. गाळलेले भरून काढायचे काम मुलाकडे येते. सोयीसाठी आपण यांना ‘खेळकर छायाचित्रे’ म्हणू. मुलांच्या सचित्र पुस्तकांत ही चित्रे कशी आली, त्यांच्या इतिहासाचा एक धागा सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून कसा जातो आणि त्यातून शिक्षकाला काय घेता येईल, हे या लेखात पाहू.

घोड्याचे पाय

दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात का, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा विषय होता. डोळ्यांना ते ठरवता येत नव्हते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले आणि घोडा समोरून जाताना एकामागून एक चित्रे घेतली. पाय सुटतात, हे सिद्ध झाले. मात्र चित्रकार दाखवीत असत तसे ते पुढेमागे फाकलेले नव्हते. पोटाखाली गोळा झालेले असताना ते अधांतरी होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाने या चित्रांवरून केलेली रेखाटने छापली आणि वाचकांना सुचवले की, ती कापून पट्टीवर चिकटवा आणि झोइट्रोपमध्ये घालून फिरवा. झोइट्रोप म्हणजे भोवताली फटी असलेले फिरते नळकांडे. त्या काळी घरोघरी मुलांच्या हातात असणारे ते एक खेळणे होते. घोड्याच्या चालीवरचा एक वैज्ञानिक पुरावा असा काही महिन्यांतच खेळ बनला. तुटक चित्रे जोडून वाचकाने घोडा पुन्हा धावता केला.

कॅमेऱ्यामुळे शास्त्रज्ञांनाही आपली नजर तपासून पाहावी लागली. आर्थर वर्थिंग्टन हा इंग्लंडमधला भौतिकशास्त्रज्ञ थेंब पडल्यावर उडणाऱ्या शिंतोड्यांचा अभ्यास करीत असे. अंधाऱ्या खोलीत क्षणभर ठिणगी पाडायची, डोळ्यांत राहिलेली प्रतिमा कागदावर उतरवायची, अशी त्याची पद्धत होती. त्याच्या रेखाटनांतले शिंतोडे मुकुटासारखे रेखीव आणि सममित असत. १८९४ च्या सुमारास तो ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊ लागला, तेव्हा मुकुट वेडेवाकडे निघाले. कुठे टोक तुटलेले होते, कुठे एक बाजू उंच होती. इतकी वर्षे आपण पाहिलेला थेंब काढत नव्हतो, मनात धरलेला आदर्श थेंब काढत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. निरीक्षण आणि अपेक्षा यांतला फरक शिकवायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

ठिपक्यांमुळे पुस्तकात आलेले छायाचित्र

‘सायंटिफिक अमेरिकन’ने छायाचित्रे न छापता रेखाटने का छापली? छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनेक छटा असतात. छापखान्याकडे मात्र एकच काळी शाई असते. खिळ्यांच्या मजकुराबरोबर छटा छापणे तेव्हा जमत नव्हते. म्हणून छायाचित्रावरून लाकडात चित्र कोरून घ्यावे लागे, आणि कोरणाऱ्याचा हात छायाचित्रात मिसळे.

१८८० च्या दशकात हाफटोन पद्धत रुळू लागली आणि ही अडचण सुटली. बारीक जाळीतून चित्राचे लहानमोठे ठिपके पाडायचे आणि धातूच्या पत्र्यावर त्यांचा ब्लॉक करायचा. गडद भागात ठिपके मोठे होतात, फिक्या भागात लहान. शाई सगळीकडे सारखीच काळी असते, पण डोळा ठिपके आणि मधला कोरा कागद मिळून राखाडी छटा पाहतो. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले की हे सहज दिसते. म्हणजे छापील छायाचित्राच्या पायातच एक खेळ आहे. कागदावर नसलेली छटा आपण मनाने भरतो.

भारतात या ठिपक्यांच्या शास्त्रावर मूलभूत काम केले ते कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी. हाफटोनवरचे त्यांचे लेख इंग्लंडमधल्या ‘पेनरोज’ या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. याच उपेंद्रकिशोरांनी १९१३ साली मुलांसाठी ‘संदेश’ हे सचित्र मासिक काढले. ब्लॉकवर संशोधन करणारा माणूस स्वतः मुलांचे मासिक काढतो, हा योग बंगालमध्ये जुळून आला.

महाराष्ट्रात अशाच घडणीचा एक माणूस होता, पण तो वेगळ्या वाटेने गेला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा उद्योग केला. जादूचे प्रयोगही ते करून दाखवीत. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव त्यांनी त्यासाठी घेतले होते. विज्ञान, छपाई आणि हातचलाखी यांचा असा मेळ मुलांच्या पुस्तकाला फारच उपकारक ठरला असता. फाळके चित्रपटाकडे वळले. पण त्या वाटेवरचे त्यांचे पहिले पाऊल आपल्या विषयातलेच आहे.

वाटाण्याचे रोप

१९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांना पैशांची गरज होती. चित्रपट काढता येतो, हे भांडवल देणाऱ्याला पटवायचे होते. त्यासाठी त्यांनी नट गोळा केले नाहीत. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवून ठराविक अंतराने एकेक चौकट घेत ते कित्येक दिवस थांबले. दाखवण्याच्या वेळी दिवसांची वाढ मिनिटभरात उलगडली. अंकुर वर आला, वाकला, सरळ झाला, त्याला पाने फुटली. घरच्या घरी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई फाळके यांचा हात या कामात होता. भांडवल मिळाले आणि पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला.

यातले गणित मुलांना करायला द्यावे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवीत. दर तासाला एक चौकट घेतली, तर ३० दिवसांत ७२० चौकटी होतात. त्या ४५ सेकंदांत संपतात. म्हणजे ३० दिवसांचा काळ आपण सुमारे ५७,६०० पटींनी दाबला. मायब्रिजने फार जलद होणारी गोष्ट संथ केली, फाळक्यांनी फार संथ होणारी गोष्ट जलद केली. युक्ती दोन्हीकडे एकच आहे: काळाचे तुकडे करायचे आणि तुकड्यांमधले अंतर आपल्या सोयीने बदलायचे.

१९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट काढला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकृत्या करतात. प्रत्यक्षात काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची, असा तो खेळ आहे. वाटाणा खराच वाढला होता. काड्या मात्र आपण होऊन हलल्या नव्हत्या. पडद्यावर दोन्ही सारखेच खरे दिसतात. एकाच तंत्राने सत्यही दाखवता येते आणि भासही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

औंधच्या दहा स्थिती

आता सातारा-सांगलीकडे येऊ. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी या पट्ट्यात ब्रिटिश मुलूख आणि लहानमोठी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. औंध हे त्यांतले एक. त्याचा एक तुकडा आजच्या सातारा जिल्ह्यात औंधला होता, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. वेरूळ आणि अजिंठ्यावरही त्यांनी सचित्र पुस्तके केली. चित्र हे शिक्षणाचे साधन आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९३८ साली औंधच्या यमाईच्या टेकडीवर त्यांनी उभारलेले संग्रहालय हे तिचेच फळ. लाहोरला चित्रकला आणि छायाचित्रणाचा व्यवसाय केलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही औंधला येऊन राहिले होते.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते भवानरावांचे सूर्यनमस्कारावरचे लेखन. सूर्यनमस्कार ही सलग क्रिया आहे. एक स्थिती दुसरीत विरघळत जाते. ती पुस्तकातून शिकवायची तर तिचे तुकडे पाडावे लागतात. भवानरावांनी नमस्काराच्या दहा स्थिती मांडल्या आणि त्या छायाचित्रांनी दाखवल्या. १९३८ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच हे ‘दहा’ आहेत: ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’. औंध संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार हा शिक्षणाचा भाग होता.

हे पुस्तक खास मुलांसाठी नव्हते आणि त्याचा हेतू खेळकरही नव्हता. तरी त्यातली छायाचित्रांची रचना मायब्रिजच्या घोड्याच्या जातकुळीतली आहे. एका हालचालीचे क्रमाने घेतलेले स्थिर क्षण आपल्यासमोर मांडलेले असतात. फरक इतकाच की, घोड्याची चित्रे नळकांड्यात घालून फिरवावी लागली. औंधच्या शाळेतला मुलगा मात्र ती चित्रे स्वतःच्या शरीराने फिरवीत असे. चौथ्या स्थितीतून पाचवीत कसे जायचे, वजन हातांवर केव्हा घ्यायचे, गुडघा केव्हा सोडायचा, हे चित्रात नसते. दोन चित्रांमधली जागा करून पाहूनच भरावी लागते. श्वास तर छायाचित्रात दिसतच नाही, आणि नमस्काराचे अर्धे मर्म श्वासात आहे. पुस्तकाला म्हणूनच मजकूर लागतो आणि वर्गाला शिक्षक.

चांगल्या शैक्षणिक छायाचित्राचे लक्षण मला यातच दिसते. ते सगळे दाखवीत नाही. नेमकी किती जागा सोडली म्हणजे मूल ती भरू शकेल, हा त्यातला खरा प्रश्न आहे. जागा फार मोठी झाली तर मूल गोंधळते. मुळीच ठेवली नाही तर त्याला काम उरत नाही. पुढच्या काळात पुण्याच्या आयुका मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांची पायरीपायरीची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. त्यांचे यशही याच हिशेबात आहे. प्रत्येक पायरी दिसते, दोन पायऱ्यांमधली घडी मात्र मुलाच्या बोटांनी घालायची असते.

काळे कुंकू

औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर कुंडलजवळ १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांना तरुणपणी चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले होते. पण काही रंगांतला भेद त्यांना ओळखू येत नाही, असे आढळले आणि ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे नांगर आणि यंत्रे आली. १९२० साली याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. यंत्रांच्या शेजारी चित्रे आणि चित्रांच्या शेजारी लेख, असे वाचन खेड्यापाड्यांत नेणारी ही परंपरा ‘किर्लोस्कर’ मासिकाने पुढे अनेक दशके चालवली.

रंग न ओळखणाऱ्या डोळ्याचा विषय निघाला आहे, तर रंग न ओळखणाऱ्या काचेचाही पाहू. त्या काळातली छायाचित्रे तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरी भिंतींवर असतील. त्यांतल्या पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते. मुलांना विचारावे, का? ‘फोटो काळापांढरा आहे म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. लाल रंग राखाडी दिसायला हवा होता, थेट काळा का झाला?

कारण असे की, जुन्या काचांवरचा आणि फिल्मवरचा चांदीच्या क्षाराचा लेप निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, लाल प्रकाशाला जवळजवळ नाहीच. लाल वस्तूकडून आलेला प्रकाश त्या काचेच्या दृष्टीने अंधारच होता. याच कारणाने निळे आकाश त्या छायाचित्रांत पांढरेफटक येते आणि छायाचित्रकाराला अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता येई. एका काळ्या ठिपक्यातून प्रकाशाचा वर्णपट, रासायनिक क्रिया आणि घरातल्या जुन्या माणसांची माहिती अशा तीन गोष्टी वर्गात येतात. त्यासाठी नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही.

पऱ्यांची छायाचित्रे

खेळकर छायाचित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावी एल्सी राइट ही सोळा वर्षांची आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स ही नऊ वर्षांची, अशा दोन मावस बहिणींनी ओढ्याकाठी ‘पऱ्यांची’ छायाचित्रे घेतली. मुलांच्या एका सचित्र पुस्तकातल्या आकृत्यांवरून एल्सीने पऱ्या काढल्या, कापल्या आणि टोपीच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या. खेळ म्हणून केलेली ही गोष्ट मोठ्या माणसांनी खरी धरली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने १९२० साली ‘स्ट्रँड’ मासिकात ही छायाचित्रे पुरावा म्हणून छापली. गमतीचा भाग असा की, ज्या पुस्तकातून पऱ्या उतरवल्या होत्या, त्यात डॉइलचीही कथा होती. आकृत्या कागदाच्या होत्या, ही कबुली त्या दोघींनी १९८३ साली, म्हातारपणी दिली.

तर्कशुद्ध गुप्तहेर निर्माण करणारा लेखक फसला, कारण ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हे त्याने धरून चालले होते. कॅमेरा खरोखरच खोटे बोलला नव्हता. समोर कागदाच्या आकृत्या होत्या, त्या त्याने इमानाने टिपल्या. समोर काय होते, हा प्रश्न विचारायचे राहून गेले.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्कारांचे प्रयोग पुष्कळ शिक्षकांनी शाळेत पाहिले असतील. नारळातून करणी काढणे, जळता कापूर तोंडात घालणे असे प्रयोग आधी करून दाखवायचे आणि लगेच त्यामागचे कारण उलगडून सांगायचे, असा तो शिरस्ता आहे. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. पण ही पद्धत शिक्षकांच्या हाती राहिली आहे. खेळकर छायाचित्रालाही हाच नियम लावला पाहिजे. आधी चकवायचे, विचार करू द्यायचा आणि शेवटी युक्ती उघडी करायची. उलगडा न करता सोडलेली गंमत दुसऱ्या दिवशी अफवा होते. आज संगणकाला चार ओळी सांगून न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र करता येते आणि ते मोबाइलवरून घराघरांत पोचते. अशा वेळी ‘हे चित्र कसे केले असेल?’ हे विचारण्याची सवय ही अक्षरओळखीइतकीच गरजेची झाली आहे.

मुलांसाठीच केलेली पुस्तके

मुद्दाम मुलांसाठी केलेल्या छायाचित्रांच्या पुस्तकांत १९३० साली अमेरिकेत निघालेल्या ‘द फर्स्ट पिक्चर बुक’चे नाव आधी घ्यावे लागते. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन आणि त्याची मुलगी मेरी यांनी ते केले. त्यात रोजच्या वापरातल्या वस्तूंची स्वच्छ छायाचित्रे आहेत आणि मजकूर नाही. नाव सांगायचे काम मुलावर सोडलेले आहे. १९७१ साली टॅना होबन हिच्या ‘लुक अगेन!’ या पुस्तकाने एक पाऊल पुढे टाकले. पानाला चौकोनी खिडकी कापलेली असते. तिच्यातून मागच्या छायाचित्राचा एक तुकडाच दिसतो. मूल अंदाज करते, पान उलटते आणि पडताळून पाहते. निरीक्षण, तर्क, पडताळा या वैज्ञानिक पद्धतीच्या तिन्ही पायऱ्या अक्षर न वाचता होतात. वॉल्टर विक याच्या १९९७ सालच्या ‘अ ड्रॉप ऑफ वॉटर’ या पुस्तकात पाण्याचा पृष्ठताण, थेंब, बाष्प यांची छायाचित्रे आहेत, आणि घरी करता येतील असे प्रयोगही आहेत.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी याहून परिणामकारक काम झाले ते पाठ्यपुस्तकातच. अमेरिकेत पीएसएससी या नावाने ओळखला जाणारा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम १९६० साली पुस्तकरूपाने आला. बेरेनिस ॲबट या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्याच्यासाठी लाटांची, चुंबकाभोवतालच्या लोहकिसाची, उसळणाऱ्या चेंडूची छायाचित्रे घेतली. काळोखात चेंडू सोडायचा आणि समान अंतराने प्रकाशाचे झोत टाकायचे, की एकाच कागदावर त्याच्या उड्यांची माळ उमटते. याच पद्धतीने घेतलेल्या, स्थिरावस्थेतून सोडलेल्या गोळ्याच्या चित्रावर मोजपट्टी ठेवली, की लागोपाठच्या स्थानांमधली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात निघतात. गॅलिलिओचा नियम विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही, तो मोजून काढतो. १९६० च्या दशकात या पुस्तकाची भारतीय आवृत्ती राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने काढली, त्यामुळे आपल्याकडच्या काही जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती अजून सापडू शकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातल्या बहुतेक गोष्टी आज शिक्षकाच्या खिशातल्या मोबाइलवर होतात. सातारा-सांगलीच्या शाळांत करता येतील असे काही खेळ सुचवतो. इतर ठिकाणी त्यांत सहज बदल करता येईल.

पहिला खेळ घटाचा. नवरात्रात घरोघरी मातीत धान्य पेरतात. घटासमोर खडूने खूण करून रोज सकाळ-संध्याकाळ त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी उभी करावी. नऊ दिवसांत १८ चित्रे होतात. ती भरभर सरकवली की तीन-चार सेकंदांत धान्य उगवताना दिसते. मग आलेख काढावा: वाढ रोज सारखी होते का? गव्हाचा आणि ज्वारीचा वेग एक असतो का? सांगली भागात हळदीच्या कोंबावर हाच प्रयोग जास्त दिवस चालवता येईल.

दुसरा खेळ मधल्या जागेचा. सूर्यनमस्कार, लेझीम किंवा दोरीवरची उडी यांची दहा छायाचित्रे एका गटाने घ्यावीत, मिसळून दुसऱ्या गटाला द्यावीत. क्रम लावून झाल्यावर विचारावे: कोणत्या दोन चित्रांमध्ये सर्वांत जास्त घडले? तिथे अकरावे चित्र घ्यायचे तर कुठे घ्याल?

तिसरा खेळ आकाराचा. भाकरीचा पापुद्रा, शेंगेचे टरफल, मिठाचा खडा यांची अगदी जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि ओळखायला सांगावे. मग तेच चित्र शेजारी नाणे ठेवून दाखवावे. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रावर लांबीची रेघ नसेल तर संशोधनपत्रिका ते परत पाठवते. त्याचे कारण मुलांना इथे कळेल. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावर ‘सीतेची आसवे’ ही निळसर जांभळी फुले दिसतात. छायाचित्रात ती मोठी वाटतात, प्रत्यक्षात फारच चिमुकली असतात. शिवाय ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात आणि सूक्ष्म जीव धरतात. सुंदर छायाचित्रात नेमके तेवढेच येत नाही.

चौथा खेळ उजेडाचा. ओल्या मातीतल्या पावलांच्या ठशांचे तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे आणि ते उलटे धरावे. बहुतेकांना खोलगट ठसे एकदम उठावदार दिसू लागतात. उजेड वरून येतो हे मेंदू गृहीत धरतो, आणि त्यावरून खोली ठरवतो. चंद्रावरच्या विवरांची छायाचित्रे उलटी धरली तरी हेच होते.

पाचवा खेळ कोनाचा. मैदानात एकाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने अजिंक्यतारा त्याच्या तळहातावर ‘ठेवावा’. कॅमेऱ्याला एकच डोळा असल्याने जवळचे-लांबचे त्याला कळत नाही. मग एकेक डोळा मिटून तेच दृश्य पाहावे आणि किल्ला किती सरकतो ते टिपावे. सांगलीच्या मुलांनी १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाची २०१९ च्या महापुरातली आणि उन्हाळ्यातली छायाचित्रे शेजारी ठेवावीत. पुलाच्या बांधकामावरून पाणी किती चढले याचा अंदाज करावा आणि मग नोंदलेल्या पातळीशी तो ताडून पाहावा.

प्रत्येक खेळानंतर युक्ती वर्गासमोर उघडी करायची, हा नियम मोडू नये. आणि चित्राखालची ओळ शिक्षकाने लगेच सांगू नये. मुलांनी आपापली ओळ लिहावी, ती चित्रातल्या कशावरून लिहिली ते सांगावे, मग सगळ्या ओळी फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. एकाच छायाचित्राखाली तीस मुलांनी तीस वेगळ्या ओळी लिहिल्या तर बिघडत नाही. त्यांतल्या कोणत्या ओळीला चित्रात आधार आहे आणि कोणत्या ओळी आपण मनाने भरल्या, हे निवडताना जी चर्चा होईल तो त्या दिवसाचा विज्ञानाचा तास.